ग्रंथालयातले प्रदर्शन: जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

ग्रंथालयाने भरवलेले प्रदर्शन आणि वस्तुसंग्रहालयातले प्रदर्शन यांत एक व्यावहारिक फरक आहे, आणि पाहायला जाण्याची सारी तयारी तो फरक लक्षात घेऊन करावी. संग्रहालयात काचेमागची वस्तू पाहून परत यायचे असते; ग्रंथालयात मात्र काचेमागे ठेवलेल्या ग्रंथाची भावंडे त्याच इमारतीतल्या कपाटांत असतात आणि त्यांतली बरीचशी रीतसर मागणी केल्यास वाचायला मिळतात. म्हणून प्रदर्शनाला प्रेक्षक म्हणून न जाता वाचक म्हणून जावे.

मुंबईकरांनी सुरुवात टाउन हॉलपासून करावी. 1833 मध्ये खुल्या झालेल्या या इमारतीत दोन वेगळी ग्रंथालये आहेत. एक एशियाटिक सोसायटीचे, जिची स्थापना 1804 मध्ये झाली. दुसरे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने ज्या चार ग्रंथालयांना द्यावी असे 1954 चा केंद्रीय कायदा सांगतो, त्यांपैकी हे एक आहे. उरलेली तीन कोलकाता, चेन्नई आणि दिल्ली येथे आहेत. छत एक असले तरी व्यवस्थापन स्वतंत्र असल्याने दूरध्वनी करताना कार्यक्रम नेमका कोणाचा आहे हे आधी पत्रकावर पाहून घ्यावे, नाहीतर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीकडे बोट दाखवले जाते. याशिवाय 1898 मध्ये स्थापन झालेले, दादर पूर्वेचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि काळा घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय ही दोन ठिकाणे नजरेसमोर ठेवावीत. ससून ग्रंथालयाच्या मागच्या बागेत काळा घोडा महोत्सवातले साहित्यविषयक कार्यक्रम होतात.

ग्रंथालयांचे कार्यक्रम वर्षभर सारखे विखुरलेले नसतात. ते ठरावीक दिवसांभोवती गोळा होतात. 6 जानेवारी हा 1832 मध्ये ‘दर्पण’ सुरू झाल्याच्या स्मरणार्थ पाळला जाणारा पत्रकार दिन, त्यानंतर 14 ते 28 जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, 23 एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीचा म्हणजे 12 ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि 14 ते 20 नोव्हेंबरचा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह, एवढ्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून ठेवल्या तरी वर्षातले बरेचसे काम झाले. प्रत्येक तारखेच्या दोन आठवडे आधी चौकशी करावी. पावसाळ्यात जुना कागद बाहेर काढायला ग्रंथपाल सहसा नाखूश असतात, आणि मुंबईची दमट हवा पाहता ते योग्यच आहे.

पत्रक हाती आले की ते नीट वाचावे. ‘प्रदर्शन व विक्री’ असे छापलेले असेल तर तिथे प्रकाशकांचे गाळे आणि सवलतीची पुस्तके असतील. दुर्मीळ ग्रंथ पाहायचे असतील तर ‘दुर्मीळ’, ‘हस्तलिखिते’ किंवा ‘संग्रहातील निवडक’ असे शब्द शोधावेत. मूळ प्रती मांडल्या आहेत की छायाप्रती, हेही आधी विचारून घ्यावे. छायाप्रती असणे हा कमीपणा नव्हे, कारण त्यांची पाने निर्धास्तपणे पाहता येतात. पण अपेक्षा तशी ठेवून जावे. संस्थेची सर्वांत नामांकित वस्तू हमखास मांडलेली असेल असेही गृहीत धरू नये. उदाहरणार्थ, पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये सोपाऱ्याच्या बौद्ध स्तूपातून काढलेले करंडक (अवशेष ठेवण्याच्या डब्या) एशियाटिककडे आहेत, परंतु केवळ तेवढ्यासाठी दूरवरून येणाऱ्याने ते त्या दिवशी पाहता येतील का, हे अगोदर विचारलेले बरे.

जाण्याची वेळ निवडताना सरकारी सुट्ट्या आणि लोकलची गर्दी या दोन्हींचा हिशेब करावा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा चर्चगेट यांपैकी कोठेही उतरून टाउन हॉलपर्यंत चालत जाता येते. भूमिगत मेट्रोने येणाऱ्यांना हुतात्मा चौक सोयीचे. टाउन हॉलच्या दर्शनी भागात 30 पायऱ्या आहेत. आजी-आजोबांना किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना न्यायचे असेल तर दुसऱ्या प्रवेशाची आणि मदतीची चौकशी आदल्या दिवशीच करावी. दारात पोचून विचारणे फार उशिराचे ठरते. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पोचल्यास जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह आतले संगमरवरी पुतळेही सावकाश पाहून होतात.

बरोबर ओळखपत्र, वही आणि पेन्सिल असावी. शाईचे पेन जुन्या ग्रंथांजवळ चालत नाही. छायाचित्राची परवानगी मागावी, आणि मिळाली तरी फ्लॅश बंदच ठेवावा.

आता प्रत्यक्ष पाहण्याविषयी. दालनातला प्रकाश मंद असतो, कारण कागदावर आणि शाईवर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू न देण्याचा संकेत आहे. प्रकाशाने झालेली हानी भरून येत नाही. डोळ्यांना सवय होऊ द्यावी आणि घाईने फेरी मारण्याऐवजी चार-पाच वस्तूंपाशीच थांबावे. हस्तलिखित पोथी असेल तर प्रथम शेवटचे पान उघडे ठेवले आहे का ते पाहावे, कारण लेखनिकाचे नाव, गाव आणि तिथी तिथेच पुष्पिकेत, म्हणजे समारोपाच्या ओळींत, सापडते. शकाच्या आकड्यात 78 मिळवले की इसवी सन येतो. तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर बहुधा 79 मिळवावे लागतात. मजकुरावर पिवळा पट्टा दिसला तर तो डाग समजू नये, लेखनिकाने हरताळ लावून चूक झाकलेली असते. मोडी कागदावर ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग शिरोरेघ दिसते. ती आधी आखून मग तिच्याखाली अक्षरे लिहिली जात.

छापील ग्रंथ असेल तर तो शिळाप्रेसवरचा की खिळ्यांचा (धातूच्या सुट्या अक्षरांनी छापलेला), हे स्वतः ओळखून पाहावे. एकाच पानावरचे पाच-सहा ‘क’ निवडून त्यांची तुलना करावी: ते हुबेहूब सारखे असतील तर खिळे, प्रत्येकाचे वळण किंचित निराळे असेल तर हाताने लिहून दगडावरून छापलेला मजकूर. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या, त्यामुळे हा खेळ इथल्या प्रदर्शनांत चांगला रंगतो आणि मुलेही त्यात रमतात. लेबल वाचायचे ते यानंतर. आधी लेबल वाचले की नजर फक्त त्यात सांगितलेलेच शोधत राहते.

लेबलावरचा दाखल क्रमांक, म्हणजे संग्रहात नोंदताना ग्रंथाला दिलेला क्रमांक, मात्र वहीत उतरवून घ्यावाच, आणि तिथे तो नसेल तर कर्मचाऱ्यांना विचारावा. प्रदर्शनातून घरी नेण्याजोगी हीच खरी गोष्ट आहे. प्रदर्शन संपल्यावर काही दिवसांनी, ग्रंथ पुन्हा जागेवर गेले की, संदर्भ विभागात जाऊन तो क्रमांक, ग्रंथनाम आणि आपला हेतू असे तीन ओळींत लिहून अर्ज द्यावा. ‘जुनी मराठी पुस्तके पाहायची आहेत’ अशा मोघम विनंतीवर कोणताही ग्रंथपाल फारसे काही करू शकत नाही. ‘या नियतकालिकाचे 1848 चे अंक हवेत’ असे म्हटले की तो लगेच उठतो. मूळ प्रत नाजूक असल्यास सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) किंवा संगणकावरील प्रत पुढे केली जाईल. ती नाकारू नये; मजकूर वाचण्यासाठी बहुतेक वेळा ती पुरेशी असते.

व्याख्यान असेल तर मागच्या रांगेत बसण्याची आपली मराठी सवय त्या दिवसापुरती सोडावी, कारण उंच छताच्या जुन्या दालनांत आवाज घुमतो. प्रश्न एकच आणि छोटा विचारावा. प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचे भाषण करणारे गृहस्थ प्रत्येक सभेत असतातच. त्यांची भर घालण्याचे कारण नाही.

ज्यांना कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयातले काही पाहायचे आहे त्यांनी प्रवासाची तिकिटे काढण्यापूर्वी तेथे लेखी विचारणा करावी. 1903 मध्ये खुली झालेली इंपीरियल लायब्ररी 1948 मध्ये राष्ट्रीय ग्रंथालय झाली आणि अलिपूरच्या बेल्वेडिअर परिसरातून 1 फेब्रुवारी 1953 रोजी लोकांसाठी खुली करण्यात आली. तेथे स्वतंत्र मराठी विभाग आहे, आणि मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक सर जदुनाथ सरकार यांचा ग्रंथसंग्रहही तेथेच आहे. पत्रात विभागाचे किंवा संग्रहाचे नाव, हव्या असलेल्या ग्रंथांची यादी आणि भेटीच्या तारखा स्पष्ट लिहाव्यात. वाचकपत्रासाठी, म्हणजे तेथे बसून वाचण्याच्या परवान्यासाठी, कोणती कागदपत्रे लागतात तेही त्याच पत्रात विचारावे, आणि उत्तराची छापील प्रत बरोबर न्यावी.