डेस्कटॉप की लॅपटॉप? आधी घरातली वीज बघा

दुकानात गेलं की बोलणं थेट प्रोसेसरवर येतं. घरून काम करणाऱ्याने त्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: वीज एका वेळी किती मिनिटं जाते, आणि बसायला कायमची एक जागा आहे का. आठवडाभर फ्रिजवर कागद लावा आणि वीज कधी गेली, कधी आली तेवढं लिहा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

वीज दहा मिनिटांच्या आत परत येत असेल तर डेस्कटॉपला हरकत नाही. तेवढा वेळ यूपीएस, म्हणजे वीज जाताच मशीन बॅटरीवर चालवणारा डबा, काढतो. ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा डेस्कटॉप आणि २२ इंची मॉनिटर मिळून ७० ते १०० वॅट घेतात. ६०० व्हीए क्षमतेच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ एएचची (अँपिअर-तासांची) एकच बॅटरी असते. कागदावर १२ गुणिले ७, म्हणजे ८४ वॅट-तास, प्रत्यक्षात १५-२० मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. ही बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते आणि ते नेमकं वीज गेल्यावर कळतं. म्हणून महिन्यातून एकदा फाईल सेव्ह करायची आणि भिंतीवरचं बटण बंद करून बघायचं.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं मोडचं बटण शोधा. यूपीएस मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर जायला काही मिलिसेकंदच लागतात. इको किंवा नॉर्मल मोडमध्ये जास्त वेळ लागतो. पंख्याला ते जाणवत नाही, डेस्कटॉप मात्र रीस्टार्ट होतो. ‘इन्व्हर्टर असूनही पीसी बंद पडतो’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हे बटणच असतं.

तास-दोन तास वीज जाणाऱ्या गावात सरळ लॅपटॉप घ्या. ५० वॅट-तासांची बॅटरी लिखाण आणि ब्राउझरच्या कामात तीन-चार तास काढते. व्हिडिओ मीटिंग असेल तर कमी. पण राउटर आधी मान टाकतो, हे विसरलं जातं. त्यासाठी राउटरचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन आउटपुटवाला घ्या, नाहीतर एक चालू, एक बंद.

डेस्कटॉप घेणार असाल तर अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील तर दोष सहसा पीसीचा नसतो. सॉकेटला अर्थ पोचलेलाच नसतो. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीनच्या आत. तीन पिनांची वायर दोन पिनांच्या जोडणीतून घुसवणं हा उपाय नव्हे.

डेस्कटॉपची किंमत विचारताना मॉनिटर, कीबोर्ड, माउस, वेबकॅम, हेडफोन, यूपीएस आणि मदरबोर्डवर वायफाय नसेल तर त्याचा डोंगल, हे सगळं मिळून विचारा. खरा फायदा पुढे कळतो. एसएमपीएस (आतल्या भागांना वीज देणारा डबा) गेला तर फक्त एसएमपीएस बदलायचा. पावसाळ्यात मशीन सुरू न होता नुसते बीप वाजले तर वायर काढून रॅम (मेमरीची पट्टी) बाहेर घ्या, सोनेरी पट्टीवर खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटका आणि दोन्ही कड्या टक्कन बसेपर्यंत दाबा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. (कॅबिनेटच्या मागची रिकामी फट पट्टीने झाका. पालींना ती ऊबदार जागा फार आवडते.)

लॅपटॉप घेताना रॅमचा स्लॉट मोकळा आहे की रॅम बोर्डवरच झाळलेली आहे, हे विचारा. झाळलेली असेल तर पहिल्या दिवसापासून १६ जीबीच घ्या, नंतर वाढवता येत नाही. दिवसभर चार्जरवर राहणार असेल तर कंपनीच्या ॲपमधून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. टचपॅड वर आल्यासारखा वाटला, बटण दबेना, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. वापर तिथेच थांबवा. आणि मान वाचवायची असेल तर स्टँड, वेगळा कीबोर्ड, माउस हवेतच. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर.

आमचं मत विचाराल तर टेबल पक्कं आणि वीज बरी असेल तिथे डेस्कटॉप. बाकी सगळीकडे लॅपटॉप, आणि जमेल तेव्हा त्याला मॉनिटर.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून जुना डेस्कटॉप घेणार असाल तर ‘आय५ आहे, पळतो’ यावर जाऊ नका. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेल प्रोसेसरच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. आय५-६५०० म्हणजे सहावी पिढी, आय५-८५०० म्हणजे आठवी, आय५-१०४०० म्हणजे दहावी. कॅबिनेटवरच्या स्टिकरवर विसंबू नका, मशीन चालू करून आकडा स्क्रीनवर वाचा. स्टिकर बदलायला मिनिटही लागत नाही.