लेक टाहोची स्की सहल : आखणी कशी करावी

कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेवाडा पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर लेक टाहो हा तलाव आहे. सुमारे ३५ किलोमीटर लांब, १९ किलोमीटर रुंद आणि ५०१ मीटर खोल असा हा तलाव ऐन हिवाळ्यातही गोठत नाही, कारण एवढ्या पाण्यात साठलेली उष्णता संपण्याच्या आत हिवाळाच संपतो. पांढऱ्या उतारावर उभे राहून खाली गडद निळे पाणी पाहण्याचा योग म्हणूनच येथे येतो. बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील, मराठी कुटुंबांना हे ठिकाण, रस्ता मोकळा असेल तर, मोटारीने साडेतीन-चार तासांवर आहे आणि हेच जवळ असणे फसवे ठरते. ‘शुक्रवारी संध्याकाळी निघू, रविवारी रात्री परत येऊ’ असा बेत सहज आखला जातो. पण ही सहल फसते ती उतारावर क्वचित, बहुधा तारखा आणि रस्ता यांच्यातच फसते. म्हणून आखणीला सुरुवात तेथूनच करावी.

तारखा आधी ठरवाव्यात

स्कीचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो. मात्र डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अनेकदा यंत्राने तयार केलेल्या बर्फाच्या एक-दोन पट्ट्यांवरच सगळी गर्दी फिरत असते. भरवशाचे बर्फ जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत असते, अर्थात सिएराच्या बाबतीत भरवसा हा शब्द जपूनच वापरावा लागतो. डॉनर पास या घाटाजवळच्या सेंट्रल सिएरा स्नो लॅबने २०२२-२३ च्या हिवाळ्यात ७५४ इंच, म्हणजे १९ मीटरांहून अधिक बर्फ मोजले. तर एप्रिल २०१५ च्या प्रारंभी राज्यभरातील पर्वतीय हिमसाठा सरासरीच्या अवघा ५ टक्के उरला होता. त्यामुळे वर्षभर आधी तारखा ठरवायच्या असतील, तर निदान मुक्कामाचे आरक्षण रद्द करता येईल असेच घ्यावे.

काही तारखा मात्र डोळे मिटून टाळाव्यात. नाताळ ते नववर्ष हा आठवडा, जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी येणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग दिनाचे तीन दिवस आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारचा प्रेसिडेंट्स डे या काळात दर सर्वांत चढे असतात आणि उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगाही सर्वांत लांब असतात. प्रेसिडेंट्स डेच्या आठवड्यात बे एरियातील अनेक शाळांना सुट्टी असते आणि या सुट्टीला सर्रास ‘स्की वीक’च म्हणतात, यावरून गर्दीची कल्पना यावी. मुलांची शाळा बुडवायची नसेल, तर मार्चमधला एखादा शनिवार-रविवार घेऊन त्याला एका दिवसाची रजा जोडावी. मार्चमध्ये दिवस मोठा असतो, ऊन उबदार असते आणि नवख्या माणसाचे हातपाय गारठत नाहीत.

मग किनारा निवडावा

टाहोला जाण्याचे मुख्य रस्ते दोन. सॅक्रामेंटोवरून जाणारा इंटरस्टेट ८० डॉनर समिट ओलांडून ट्रकी या गावाला, म्हणजे तलावाच्या उत्तर बाजूला नेतो. तर हायवे ५० एको समिटवरून साउथ लेक टाहो या गावात उतरतो. उत्तरेकडे पॅलिसेड्स टाहो, नॉर्थस्टार, शुगर बोल, बोरियल आणि नेवाडाच्या हद्दीतील डायमंड पीक ही स्की केंद्रे आहेत. दक्षिणेकडे हेवनली, सिएरा-ॲट-टाहो आणि थोडे आडबाजूला कर्कवूड आहे.

नकाशात तलावाभोवती सलग रस्ता दिसतो आणि एका किनाऱ्यावर स्वस्तात राहून दुसऱ्या किनाऱ्यावर स्की करण्याचा मोह होतो. तो आवरावा. पश्चिम किनाऱ्याचा हायवे ८९ एमराल्ड बे या खाडीजवळ कड्याच्या कडेने जातो आणि मोठ्या हिमवर्षावात हिमकडे कोसळण्याच्या भीतीने तो बंद केला जातो, कधी कधी अनेक दिवस. अशा वेळी पूर्वेकडून, नेवाडाच्या बाजूने वळसा घालावा लागतो आणि सकाळचे दोन-अडीच तास गाडीतच जातात. मुक्काम आणि स्की केंद्र एकाच किनाऱ्यावर ठेवावे, हा नियम मोडण्याजोगे एकही स्वस्त हॉटेल माझ्या पाहण्यात नाही.

आता कोणता किनारा? सोबतच्या सर्वांची ही पहिलीच वेळ असेल, तर इंटरस्टेट ८० ला अगदी लागून असलेले बोरियल सोयीचे पडते, कारण तलावापर्यंत उतरावेच लागत नाही. फक्त तेथून तलावाचे दर्शन होत नाही, हे मुलांना आधी सांगून ठेवावे. तलाव पाहण्यासाठीच जायचे असेल, तर हेवनली किंवा डायमंड पीक गाठावे. हेवनलीचा गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा बंद पाळणा, साउथ लेक टाहो गावातूनच वर जातो आणि स्की न करणाऱ्यांनाही केवळ देखाव्यासाठी त्यात बसता येते; भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आलेले असतील, तर हे एकच कारण दक्षिण किनारा निवडायला पुरेसे आहे. पॅलिसेड्स टाहो म्हणजे पूर्वीचे स्क्वॉ व्हॅली. १९६० चे हिवाळी ऑलिंपिक येथे झाले आणि २०२१ मध्ये केंद्राचे नाव बदलले. तेथील डोंगर देखणा आहे, पण त्याची खरी ख्याती तीव्र उतारांची आहे. त्याचा आनंद दोन-तीन हंगाम घालवलेल्यांनीच घ्यावा.

तिकीट आणि शिकवणी

लिफ्टचे तिकीट शनिवारी सकाळी खिडकीवर जाऊन घेणे हा सर्वांत महाग मार्ग आहे. ऑनलाइन आगाऊ घेतलेले तिकीट जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. हंगामात तीन-चार दिवसांहून अधिक स्की करण्याचा विचार असेल, तर उन्हाळ्यातच अनेक केंद्रांवर चालणाऱ्या हंगामी पासचा हिशेब मांडावा: एपिक पासवर हेवनली, नॉर्थस्टार आणि कर्कवूड चालतात, आयकॉन पासवर पॅलिसेड्स. या पासांचे दर हिवाळा जवळ येईल तसे वाढत जातात आणि हंगाम ऐन भरात येण्याआधी त्यांची विक्री बंदही होते.

पहिल्यांदाच स्की करणाऱ्याने मात्र पूर्ण डोंगराचे तिकीट घेऊच नये. बहुतेक केंद्रांवर नवशिक्यांसाठी शिकवणी, भाड्याचे साहित्य आणि खालच्या सोप्या लिफ्ट अशी एकत्रित योजना असते. पहिल्या दिवशी त्यापलीकडे जाण्याची गरजही नसते आणि ताकदही उरत नाही. नवऱ्याने बायकोला किंवा बापाने मुलाला शिकवण्याचा प्रयत्न करू नये. त्यातून स्की येत नाही आणि घरी परतेपर्यंत अबोला मात्र येतो. शिकवणीच्या जागा गर्दीच्या दिवसांत आठवडे आधी भरतात, म्हणून मुक्कामाबरोबरच त्यांचे आरक्षण करावे. काही केंद्रांवर शनिवार-रविवारी गाडी लावण्यासाठीही आधी नोंदणी लागते, तीही त्याच वेळी पाहावी.

मुक्काम आणि स्वयंपाक

स्वयंपाकघर असलेले घर किंवा काँडो घेतल्यास दोन कुटुंबे मिळून खर्च बराच आटोक्यात येतो आणि दमून आल्यावर गरम वरण-भात मिळतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या उंचीवर पाणी सुमारे ९४ अंश सेल्सियसलाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही आणि राजमा तर कच्चाच राहतो. प्रेशर कुकर किंवा इन्स्टंट पॉट घरून न्यावा. भाड्याच्या घरात तो असेलच असे नाही. दुपारच्या डब्याला थालीपीठ किंवा मेथीचे पराठे उत्तम, कारण ते कोटाच्या खिशात राहतात आणि गार झाले तरी खाता येतात. मात्र खाण्याचे कोणतेही सामान रात्री गाडीत ठेवू नये. टाहोची अस्वले मोटारीचे दार उघडण्यात तरबेज आहेत आणि ती सगळीच हिवाळाभर झोपून राहतात असे नाही.

पहिल्या रात्री उंचीमुळे डोके दुखणे किंवा झोप न लागणे असा त्रास काहींना होतो. भरपूर पाणी प्यावे, मद्य टाळावे आणि शक्य असल्यास आदल्या संध्याकाळीच पोचून शरीराला एक रात्र द्यावी.

कपडे आणि बूट

कपड्यांचे तत्त्व सोपे आहे: अंगालगत सुती काहीही नको, कारण सूत घाम शोषून ओले राहते आणि ओले कपडे गारठवतात. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा तलम थर, मध्ये फ्लीस, वर पाणी न शिरणारे जाकीट आणि तशीच पँट. जीन्स घालून स्की करणारा माणूस अर्ध्या तासात ओळखू येतो. पाणी न शिरणारे हातमोजे, गॉगल आणि हेल्मेट यांत काटकसर करू नये. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांभोवतीही लावावे, कारण बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग खालून परत फेकते.

स्की, बूट आणि काठ्या भाड्याने घ्याव्यात. केंद्रावरच्या रांगेपेक्षा बे एरियातील किंवा तलावाजवळच्या गावातील दुकानातून आदल्या दिवशी घेणे स्वस्त आणि निवांत असते. सर्वांत अधिक वेळ बुटांना द्यावा. पायात एकच, पातळ आणि पोटरीपर्यंत येणारा मोजा असावा. दोन जाड मोज्यांनी पाय उबदार राहत नाही, उलट रक्तप्रवाह आवळला जाऊन तो गार पडतो. बूट घालून ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या भिंतीला जेमतेम लागावीत आणि गुडघे वाकवून पुढे झुकल्यावर किंचित मागे सरकावीत. टाच वर उचलली जात असेल, तर बूट मोठा आहे. पँटच्या पायाचे आतले अस्तर बुटात नव्हे, बुटावर यावे.

दुकानदार वय, उंची, वजन आणि कौशल्य विचारतो, तेव्हा लाजून वजन पाच-दहा किलो कमी सांगू नये. या आकड्यांवरून बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, ताण ठरतो. माणूस पडल्यावर बूट स्कीपासून वेळेवर सुटावा, म्हणजे गुडघा वाचावा, यासाठी ही योजना आहे. स्वतःला ‘मध्यम’ म्हणवून घेण्याचा मोहही येथेच सोडावा.

रस्ता

हा भाग सर्वांनी वाचावा, जाणत्यांनीही. हिमवर्षाव सुरू झाला की कॅलिफोर्नियाचे परिवहन खाते, म्हणजे कॅलट्रान्स, रस्त्यावर चेन कंट्रोल, म्हणजे चाकांना साखळ्या (चेन) बांधण्याचा नियम, लागू करते. त्याच्या तीन पातळ्या आहेत. आर-१ असताना बर्फाचे टायर असलेल्या साध्या मोटारींना चेन न बांधता जाता येते. आर-२ ला चारही चाकांवर बर्फाचे टायर असलेल्या फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांनाच सूट असते, बाकी सर्वांनी चेन बांधायची. आर-३ ला कोणालाही सूट नाही, परंतु तोवर बहुधा रस्ताच बंद केला जातो. सूट असलेल्या गाडीतही चेन जवळ असावी लागते, ही गोष्ट नव्या एसयूव्हीच्या भरात अनेकजण विसरतात. टायरच्या बाजूवर एम आणि एस ही अक्षरे किंवा डोंगर-हिमकणाचे चिन्ह आहे का, हे घरीच पाहावे.

चेन टायरच्या मापाचीच घ्यावी आणि घरच्या पार्किंगमध्ये, कोरड्या जमिनीवर, दिवसाउजेडी एकदा बांधून पाहावी. रात्री नऊ वाजता, ओल्या बर्फात गुडघे टेकून, मोबाइलच्या उजेडात सूचनापत्रक वाचणे हा शिकण्याचा मार्ग नव्हे. पुढची चाके गाडी ओढत असतील तर चेन पुढच्या चाकांना बांधावी. थोडे अंतर गेल्यावर थांबून ती पुन्हा ताणून घ्यावी आणि वेग ताशी २५ ते ३० मैलांच्या आतच ठेवावा. रस्त्यावरचे परवानाधारक मदतनीस पैसे घेऊन चेन बांधून देतात, परंतु चेन विकत नाहीत. गाडी भाड्याची असेल, तर करारात चेन बांधण्यास मनाई आहे का, हे आधीच विचारावे. बऱ्याच कंपन्या तशी मनाई करतात.

निघण्यापूर्वी कॅलट्रान्सच्या क्विकमॅप या ऑनलाइन नकाशावर रस्ता आणि राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज पाहावा. अंदाजात किती बर्फ पडणार याइतकेच ते कोणत्या उंचीपासून पडणार, हेही महत्त्वाचे असते. इंटरस्टेट ८० बंद असताना मोबाइलने सुचवलेल्या आडवाटेला मुळीच जाऊ नये. मुख्य रस्ता बंद असताना आडवाट साफ करायला कोणी आलेले नसते. टाकी भरलेली, गाडीत पांघरुणे, पाणी, खाणे, टॉर्च आणि फावडे असावे. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांनी विमानाने रिनोला उतरावे. तेथून तलाव साधारण तासाभरावर आहे. बे एरियातील एमरीव्हिलहून ट्रकीला आगगाडीही जाते. जाताना ती बहुधा वेळेवर असते, येताना मात्र शिकागोहून येत असल्याने घड्याळ लावू नये.

उतारावरचा पहिला दिवस

सकाळी लिफ्ट सुरू होण्याआधी तास-दीड तास पोचावे. पहिल्या शिकवणीत स्कीची टोके जवळ आणि मागची बाजू रुंद ठेवून वेग रोखणे शिकवतात. ते जमल्याशिवाय वरच्या लिफ्टमध्ये बसू नये. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपा उतार, निळा चौकोन म्हणजे मध्यम आणि काळा हिरा म्हणजे अवघड. खाली असलेल्या माणसाला नेहमी वाट द्यावी, कारण त्याला मागचे दिसत नाही. थांबायचे असेल तर उताराच्या कडेला, वरून दिसेल असे थांबावे. पडायची वेळ येते ती बहुधा दुपारी तीननंतर, ‘अजून एकच फेरी’ म्हणताना. पाय थरथरू लागले की खाली यावे. जोराच्या वाऱ्यात वरच्या लिफ्ट बंद ठेवतात, त्यावर वाद घालून उपयोग नसतो.

स्की न करणाऱ्यांसाठी ट्यूबमधून घसरगुंडीची सोय अनेक केंद्रांवर असते. कॅलिफोर्नियाच्या स्नो-पार्क जागांवर, म्हणजे गाडी लावून बर्फात खेळण्याच्या ठिकाणी, स्वतःची घसरगाडी नेता येते. १ नोव्हेंबर ते ३० मे या काळात तेथे गाडी लावायला परवाना लागतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांनी बर्फात उतरण्यापूर्वी आपल्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ धरलेले आहेत का, हे जरूर वाचावे. अनेक पॉलिसींत ते वगळलेले असतात आणि अमेरिकेत मोडलेल्या मनगटाचे बिलही हजारो डॉलर होते.

परतीला रविवारी दुपारी दोन ते सात या वेळेत निघू नये. तेव्हा दोन्ही रस्ते तुंबलेले असतात. एक तर सकाळी नऊच्या आत डोंगर उतरावा, किंवा सोमवारची रजा काढून रविवारचा अख्खा दिवस स्की करावी, संध्याकाळी घरचे जेवण करावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची ताजी बातमी पाहून निघावे.