फेनवे पार्कवरचा थांबलेला सामना आणि माझा तक्ता
मैदानात बसून पाहिलेल्या बेसबॉल सामन्यांत कोणत्या खेळाडूने माझ्यासमोर काय केले, याची नोंद मी एका तक्त्यात ठेवतो, आणि त्यातले आकडे तारखेवरून रेट्रोशीट या बेसबॉल सामन्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या मोफत नोंदींशी जोडलेले असतात. 26 ऑगस्ट 2024 रोजी बोस्टनच्या फेनवे पार्कवर दुपारी पाहिलेला सामना मात्र त्या तारखेखाली सापडेना. पावसामुळे 26 जूनला दुसऱ्या इनिंगमध्ये थांबलेला सामना तिथूनच पुढे खेळवला गेला होता, आणि असा सामना अधिकृतपणे मूळ तारखेचाच धरला जातो. जूनमध्ये टोरंटोकडून बॅटिंगला उभा असलेला डॅनी जॅन्सन मधल्या काळात संघ बदलून आता बोस्टनचा कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून प्लेटमागे बसला होता आणि त्याची अर्धवट राहिलेली बॅटिंग टोरंटोकडून डॉल्टन वार्शो पुरी करत होता. एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला मेजर लीगमधला, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च अमेरिकी स्पर्धेतला, जॅन्सन हा पहिलाच खेळाडू. तो माझ्या हिशेबातून गळणे मला मुळीच मान्य नव्हते.

आता अधिकृत तारीख आणि हजेरीची तारीख असे दोन रकाने केले आहेत. जोडणी सामन्याच्या ओळखक्रमांकावरून होते. त्यात यजमान संघाची अक्षरे, अधिकृत तारीख आणि शेवटी एक अंक असतो, जो एरवी 0 आणि एकाच दिवशी दोन सामने असल्यास 1 किंवा 2 असतो. जूनमधला खेळ मी पाहिलेला नाही, म्हणून वार्शोच्या बॅटिंगपासून पुढचेच आकडे मी माझे धरतो.