कार्ड चालू, नाव बंद : रेशन कार्डाच्या केवायसीतल्या या चुका टाळा

गेल्या चतुर्थीच्या आधी सत्तरीतल्या मावशीचा फोन आला. "अरे, आमच्या सोसायटीच्या रेशन दुकानात पाच जणांचं धान्य मिळायचं, ह्या खेपेला तिघांचंच दिलं. दहा किलो खाल्ले की त्यांनी!" मावशीचं दुकानदाराला भरपूर सुनावून झालं होतं. पण कोणी काही खाल्लं नव्हतं. दोघा मुलांची केवायसी, म्हणजे आधारवरून स्वतःची ओळख पटवून देणं, राहिली होती, म्हणून त्यांची नावं थांबली होती.

प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य असतं, त्यामुळे नाव थांबलं की त्या नावाचे 5 किलो थांबतात. सगळ्यात गरीब घरांच्या अंत्योदय कार्डावर कुटुंबाला मिळून 35 किलो मिळतं. 1 जानेवारी 2023 पासून दोन्ही कार्डांवर धान्य फुकट आहे, पण नाव चालू असेल तरच.

गोंधळ होतो तो दोन अंगठ्यांचा. धान्य उचलताना घरातल्या कोणीही एकाने अंगठा दिला तरी चालतं. केवायसी मात्र ज्याची त्याने करायची. 'मी दर महिन्याला अंगठा देतो, म्हणजे घरातल्या सगळ्यांचं झालं' हा समज मी गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत ऐकला आहे. शिवाय हे एकदाच करून संपत नाही. 2025 च्या केंद्राच्या दुरुस्ती आदेशाप्रमाणे दर पाच वर्षांनी केवायसी पुन्हा करायची आहे. म्हणून आज केलीत तर कार्डाच्या आतल्या पानावर पेन्सिलीने तारीख लिहून ठेवा.

मुलगा पुण्याला नोकरीला आहे, तो चतुर्थीला आला की बघू, असं म्हणून थांबू नका. केवायसी देशातल्या कोणत्याही रास्त भाव धान्य दुकानाच्या मशीनवर होते. त्याने तिथल्या दुकानात कार्डाचा नंबर आणि आधार घेऊन जावं. मोबाइलवर 'मेरा ई-केवायसी' अ‍ॅपमधून चेहरा दाखवूनही काम होतं, पण त्याला आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी लागतो आणि तो नंबर कितीतरी घरांत बंद पडलेला असतो. अ‍ॅपच्या यादीत गोवा दिसतो का, तेही आधी पाहा.

अंगठाच उठत नाही, ही तक्रार वेगळी. काजू सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी टरफलातल्या तेलाने जळते, आणि रेघा राहतच नाहीत. शेतात राबणाऱ्यांचं आणि म्हाताऱ्यांचंही हेच होतं. अशा वेळी मशीनशी झगडत बसून उपयोग नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करा, मग दहाही बोटं एकेक करून बघा. अंगठ्याचाच हट्ट नको. तरी जमलं नाही तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने द्या. डोळ्याच्या बुबुळाने ओळख पटवायची सोय असलेलं मशीन असेल तर तेही चालतं. मुलांच्या बाबतीत आधारचे ठसे 5 व्या आणि 15 व्या वर्षी अद्ययावत करावेच लागतात. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मुलाची केवायसी वर्षभरात उरकायची असते.

नावांचा घोळ गोव्याचा खास. नाईक एका कागदावर 'आय-के' ने संपतं, दुसऱ्यावर पोर्तुगीज वळणाने 'क्यू-यू-ई' ने. गावकरातला 'क' कधी 'के' ने तर कधी 'सी' ने. बोलताना माणूस एकच, पण संगणकाला ते दोन वाटतात. आधार आणि कार्ड शेजारी ठेवून अक्षरं जुळवा. फरक असेल तर कोणता कागद बदलायचा ते एकदाच ठरवा, दोन्हीकडे अर्ज केला की घोळ दुप्पट होतो.

लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून वेळेवर कमी करा. दोडामार्ग-सावंतवाडीहून सून आली असेल तर तिकडचा नाव कमी केल्याचा दाखला आधी आणा. तो नसेल तर इकडे नाव चढायला अडतं. आणि एकच आधार दोन कार्डांवर सापडला तर दोन्हीकडे चौकशी होते. घरातलं माणूस गेलं असेल तर मृत्यूचा दाखला देऊन नाव काढून घ्या. तेच कुटुंबप्रमुख असेल तर कायद्यानुसार घरातल्या 18 वर्षांवरच्या सगळ्यांत मोठ्या बाईचं नाव प्रमुख म्हणून लागतं.

'आमच्याकडे घरचे उकडे तांदूळ आहेत, रेशनला कोण जातो' असं म्हणणारी घरंही आहेत. कार्ड फक्त पत्त्यासाठी कपाटात पडून असतं. सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद करून चौकशी करायची तरतूद 2025 च्या त्याच आदेशात आहे. धान्य लागतच नसेल तर गोष्ट वेगळी. हक्क ठेवायचा असेल तर उचलत राहा.

धान्य घेताना मशीनची पावती मागून घ्या आणि माणसं व किलो तिथेच मोजा. आकडा कमी असेल तर दुकानातच विचारा, कोणाची केवायसी बाकी आहे. तिथे उत्तर मिळालं नाही तर तालुक्याच्या नागरी पुरवठा कार्यालयात लेखी अर्ज करा आणि शिक्क्याची पोच घ्या. तक्रारीसाठी 1967 हा क्रमांक आहे.

मावशीच्या धाकट्याने पुण्यातल्या दुकानातून, थोरल्याने घरच्या सोसायटीत केवायसी केली. स्वतः मावशीची केवायसी आधीच झाली होती, पण तेव्हा तिचं तिसऱ्या दिवशी, डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाने जुळलं. आता दर महिन्याला ती सरळ तेच बोट पुढे करते.