सिक्युअर बूट चालू असताना ग्राफिक्स ड्रायव्हर लोड होत नाही (डेबियन १२): माझा अनुभव

देवगडला काकांच्या आंबा पेढीवरच्या संगणकात डेबियन १२ (लिनक्सची एक आवृत्ती) टाकलं. ग्राफिक्स ड्रायव्हर डीकेएमएसने (कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, ड्रायव्हर बांधणारं साधन) विनातक्रार तयार केला, पण पडदा ढोबळ अक्षरांवरच अडकला आणि दुसरा मॉनिटर दिसेना. मॉडप्रोब (ड्रायव्हर लोड करायची आज्ञा) केलं की एकच उत्तर: 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस', म्हणजे किल्ली नाकारली. ड्रायव्हर पुन्हा टाकला, कर्नल हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) तपासले, फरक शून्य. अगदी वीट आला. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर यंत्र सुरू होताना अडवणारी सोय) बंद केल्यावर चाललं, पण पेढीचे हिशेब याच यंत्रावर, त्यामुळे ते बंद ठेवणं मला पटेना.

कारण असं की डीकेएमएस मॉड्यूलवर (म्हणजे बांधलेल्या ड्रायव्हरवर) स्वतःच्या डिजिटल किल्लीने सही करतं, पण ती किल्ली यंत्राला ओळखीची नसते. ती नोंदवावी लागते.

टर्मिनलमध्ये 'सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/डीकेएमएस/मोक.पब' द्या (टाइप अर्थातच रोमन लिपीत; मोक म्हणजे यंत्रमालकाची किल्ली). पासवर्ड दोनदा मागेल. साधी अक्षरं आणि अंकच ठेवा, कारण पुढच्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. रीबूट करा. निळा पडदा येईल, तो जेमतेम १० सेकंद थांबतो, तेव्हा लगेच कोणतीही कळ दाबा. हुकलं तर इम्पोर्ट पुन्हा करा. मग 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'येस', तोच पासवर्ड, रीबूट.

आता मॉडप्रोब निमूट चालतं. नोंद मदरबोर्डच्या स्मृतीत राहते, त्यामुळे पावसाळ्यात वीज कितीदाही गेली तरी पुसत नाही. कर्नल अद्ययावत झाल्यावर डीकेएमएस त्याच किल्लीने सही करतं.