टँपा बेच्या किनारी नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी: पुढच्या हरिकेनपूर्वी

फ्लोरिडातील टँपा, सेंट पीटर्सबर्ग किंवा क्लिअरवॉटर परिसरात नुकत्याच राहायला आलेल्या प्रत्येक कुटुंबाला मी सर्वप्रथम एकच गोष्ट विचारतो: तुमचे घर कोणत्या इव्हॅक्युएशन झोनमध्ये, म्हणजे वादळापूर्वी घरे रिकामी करण्यासाठी आखलेल्या पट्ट्यात, येते? शाळा कशी आहे, ऑफिस किती लांब आहे, भारतीय किराणा कुठे मिळतो, याची चौकशी सगळ्यांनी केलेली असते. परंतु ‘ए’पासून ‘ई’पर्यंतच्या पाच अक्षरांपैकी आपल्या पत्त्याला कोणते लागू होते, हे बहुतेकांनी पाहिलेले नसते (‘ए’ला सर्वांत आधी बाहेर पडावे लागते). काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संकेतस्थळावर पत्ता टाकला की ते लगेच कळते. घर दाखवणारा एजंट ज्याला फ्लड झोन म्हणतो, तो निराळा आहे. फ्लड झोन हा फेमाच्या (अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) नकाशावरचा, विमा आणि गृहकर्जासाठी वापरला जाणारा. इव्हॅक्युएशन झोन मात्र वादळात समुद्राचे पाणी किती आत येऊ शकते, यावरून ठरतो. फ्लड झोनच्या दृष्टीने निर्धोक मानलेले घरही पहिल्याच फेरीत रिकामे करावे लागू शकते.

येथे खरा धोका पाण्याचा आहे, आणि हे नव्या माणसाला पटायला वेळ लागतो, कारण बातम्यांमध्ये सारी चर्चा वाऱ्याच्या वेगाची आणि वादळाच्या १ ते ५ श्रेणीची असते. श्रेणी केवळ वाऱ्यावरून ठरते. सागरी उधाण किती येईल, हे तिच्यातून कळत नाही. फ्लोरिडाच्या या बाजूला समुद्राचा तळ दूरवर उथळ आहे, त्यामुळे वाऱ्याने ढकललेले पाणी खाली जाण्याऐवजी किनाऱ्यावर चढते. त्यातच ही वादळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. म्हणून वादळ आपल्या उत्तरेकडे किनाऱ्याला लागले, तर नैर्ऋत्येचा वारा पाणी खाडीत लोटतो. दक्षिणेकडे लागले, तर खाडीतले पाणी बाहेर ओढले जाते. २०२४ मध्ये आम्ही दोन आठवड्यांच्या आत दोन्ही प्रकार पाहिले. २६ सप्टेंबरला हेलीन शंभराहून अधिक मैल लांबून उत्तरेकडे गेले आणि पेरी गावाजवळ किनाऱ्याला लागले, तरीही टँपा बेमध्ये सहा-सात फूट पाणी चढले आणि सेंट पीटर्सबर्ग-क्लिअरवॉटर ज्यात येतात त्या पिनेलास काउंटीत कित्येकजण बुडून दगावले. ९ ऑक्टोबरला मिल्टन सिएस्टा कीजवळ, म्हणजे आमच्या दक्षिणेला, धडकले आणि टँपाच्या काठावर पाणी उलट ओसरले. तेच वादळ थोडे उत्तरेकडे आले असते, तर टँपा शहराची काय अवस्था झाली असती, याची कल्पना करवत नाही.

हवामान नकाशावर वादळाचा संभाव्य मार्ग दाखवणाऱ्या शंकूकडे पाहताना हे लक्षात ठेवावे. तो शंकू वादळाचा केंद्रबिंदू कुठून जाण्याची शक्यता आहे एवढेच सांगतो. वादळाचा विस्तार किंवा पाण्याची व्याप्ती त्यात नसते. २०२२ मध्ये इयनचा रोख काही दिवस टँपाकडे होता. प्रत्यक्षात ते दक्षिणेला कायो कोस्टा बेटावर लागले आणि फोर्ट मायर्स बीचवर दहा फुटांहून अधिक पाणी आले. वेळही कमी मिळतो. मिल्टन साधारण एका दिवसात पहिल्या श्रेणीतून पाचव्या श्रेणीत गेले होते.

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे मागच्या वादळावरून पुढच्याचा अंदाज बांधणे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये इडालियाच्या वेळी ज्यांच्या अंगणापर्यंतच पाणी आले, त्यांच्यापैकी अनेकजण हेलीनच्या वेळी त्याच भरवशावर घरी थांबले. कोकणातून आलेली मंडळी निसर्ग वादळ अनुभवून आलेली असतात, मुंबईकरांनी २६ जुलै पाहिलेला असतो, आणि त्या अनुभवाचे मोल मी कमी लेखत नाही; परंतु येथील खालच्या वस्त्यांमधली घरे एकमजली आणि समुद्रपातळीपासून जेमतेम काही फुटांवर आहेत, आणि पाणी खारे असते. आमच्या ओळखीच्या एका घरात हेलीननंतर बैठकीच्या खोलीत मांडीपर्यंत पाण्याची रेघ उमटली होती. भिंतींचे जिप्सम बोर्ड फुगून हाताने निघत होते, आणि तीनच आठवड्यांपूर्वी गणपतीसाठी उभारून मग गॅरेजमध्ये नीट बांधून ठेवलेले मखर चिखलात लडबडले होते. ते सारे रस्त्याच्या कडेला ढिगात टाकले, शेजारी दोरीने दार बांधलेला फ्रीज ठेवला, आणि तो ढीग उचलला जाण्यापूर्वीच मिल्टनमुळे बाहेर पडण्याचा आदेश आला.

आदेश आला की निघायचे, हे आताच ठरवून ठेवा. त्यासाठी अटलांटापर्यंत गाडी हाकण्याची गरज नसते. पाण्यापासून दूर जावे आणि वाऱ्यापासून आडोसा घ्यावा, असे येथील आपत्कालीन अधिकारी सांगतात, आणि त्यासाठी वीस-तीस मैल आत, झोनबाहेरच्या पक्क्या घरात जाणे बहुधा पुरते. वेस्ली चॅपलसारख्या आतल्या भागात अनेक मराठी कुटुंबे राहतात. वादळ आल्यावर संकोचाने फोन करण्यापेक्षा हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे १ जूनपूर्वी, एखाद्या कुटुंबाशी मोकळेपणाने बोलून ठेवावे आणि त्यांच्याही पत्त्याचा झोन तपासावा. असे विचारण्यात कमीपणा नाही. येथे स्थिरावलेल्या आम्हा मंडळींना ते आमचे कर्तव्यच वाटते. मोबाइल होममध्ये (कारखान्यात तयार करून आणलेल्या हलक्या घरात) राहणाऱ्यांनी झोन कोणताही असला तरी बाहेर पडावे. पिनेलासमधून निघायला उशीर केला तर वाऱ्यामुळे खाडीवरचे पूल बंद होतात. मिल्टनच्या आधी कित्येक पंपांवर पेट्रोल संपले होते. म्हणून हंगामात टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये.

भारतातून आई-वडील आलेले असतील, तर त्यांची सोय सर्वांत आधी पाहावी. महिन्याची औषधे, चिठ्ठ्यांच्या प्रती, चष्म्याची जोडी आणि इन्सुलिन असल्यास थंड पिशवी वेगळी काढावी. सर्वांचे पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची नोंद), आय-७९७ (इमिग्रेशन खात्याची सूचना), पदवीची आणि जन्माची प्रमाणपत्रे एका जलरोधक पिशवीत ठेवावीत. खाऱ्या पाण्यात भिजलेल्या मूळ प्रमाणपत्राची दुय्यम प्रत परदेशातून विद्यापीठाकडून मिळवणे किती कष्टाचे असते, हे सांगायला नको. पिण्याचे पाणी माणशी दिवसाला सुमारे चार लिटर धरावे. मिल्टनच्या रात्री जलवाहिनी फुटल्याने सेंट पीटर्सबर्गचा पाणीपुरवठा बंद करावा लागला होता. विजेची शेगडी चालणार नाही, हे गृहीत धरून दशम्या, चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू असे टिकणारे पदार्थ बरोबर घ्यावेत. तिकडच्या नातेवाइकांपैकी एकालाच संदेश पाठवावा आणि बाकीच्यांना कळवण्याचे काम त्याच्यावर सोपवावे.

विम्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या लोकांची येथे मोठी गैरसमजूत असते. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरले जात नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते, आणि सरकारी योजनेतील पॉलिसी साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते. वादळाचे नाव बातम्यांत आल्यावर ती घेऊन उपयोग नसतो. या योजनेत घरासाठी २,५०,००० आणि सामानासाठी १,००,००० डॉलर्स ही कमाल मर्यादा आहे, आणि भाड्याने राहणाऱ्यांनाही केवळ सामानाचा विमा घेता येतो. एच-१बी (नोकरीच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांच्या) व्हिसावर असणाऱ्यांना फेमाची रोख मदत सामान्यतः मिळत नाही. घरात अमेरिकी नागरिक असलेले मूल असेल, तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो. म्हणजेच नव्याने आलेल्यांचा आधार प्रामुख्याने हा विमाच असतो. घर विकत घेत असाल, तर विक्रेत्याने पुराच्या विम्याचे पूर्वीचे दावे उघड करणे फ्लोरिडात १ ऑक्टोबर २०२४ पासून बंधनकारक आहे. तो कागद मागून वाचावा.

परतल्यावर दिवसाउजेडी घरात शिरावे आणि काहीही हलवण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसह, फोटो काढावेत. पाणी शिरलेल्या घरातला मुख्य वीजपुरवठा जाणकाराने तपासल्याशिवाय सुरू करू नये. खाऱ्या पाण्यात बुडालेली विजेवरची गाडी किंवा स्कूटर चार्जिंगला लावू नये आणि ती घरापासून दूर उघड्यावर ठेवावी, कारण तिची बॅटरी नंतरही पेट घेऊ शकते. जनरेटर गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनही, चालवू नये. घरापासून किमान २० फूट लांब, खिडक्यांकडे धूर जाणार नाही अशा जागी तो ठेवावा आणि झोपण्याच्या खोलीजवळ बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा.