चक्रव्यूहातून वाट काढताना खूण कधी पुसायची

बॅकट्रॅकिंग या वाट शोधण्याच्या पद्धतीचं तत्त्व साधं आहे: समोर मोकळं घर दिसलं की पुढे जायचं, वाट खुंटली की एक घर मागे येऊन दुसरी दिशा धरायची. कोड वीसेक ओळींत बसतो. तरीही तो अडकतो, आणि बहुतेकदा कारण एकच: ‘इथे येऊन गेलो’ म्हणून घरावर केलेली खूण ठेवायची की पुसायची, हे आधी ठरवलेलं नसतं.

हा ४ × ४ चा चक्रव्यूह घ्या. १ म्हणजे मोकळं घर, ० म्हणजे भिंत.

१ ० ० ०
१ १ १ १
० १ ० ०
१ १ १ १

ओळी आणि स्तंभ ० पासून मोजू. सुरुवात (०,०), शेवट (३,३). दिशांचा क्रम उजवीकडे, खाली, डावीकडे, वर.

प्रत्येक घरासाठी एकच फंक्शन (कोडचा पुन्हा पुन्हा बोलवता येणारा तुकडा) वापरायचं; त्यात शिरताच तीन गोष्टी तपासा, याच क्रमानं: घर चौकटीबाहेर आहे का, भिंत आहे का, आधीच खूण झालेली आहे का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर ‘नाही’ परत करा. चौकटीची तपासणी विसरू नका. पायथनमध्ये -१ या ओळीला एरर येत नाही, ती शेवटची ओळ धरली जाते; इथे (०,०) वरून ‘वर’ गेलात तर कोड गुपचूप (३,०) वाचतो.

मग घरावर खूण करा आणि ते वाटेच्या यादीत जोडा. शेवटचं घर असेल तर ‘हो’. नसेल तर चारही दिशांना हेच फंक्शन बोलवा आणि एकीकडून ‘हो’ आलं की तेच लगेच परत करा. हा रिटर्न राहिला की वाट सापडूनही हरवते. चारही फसल्या तर घर यादीतून काढून ‘नाही’ परत करा.

वरच्या चक्रव्यूहात कोड (१,०), (१,१), (१,२) करत (१,३) ला पोचतो. तिथून उजवीकडे चौकट संपते, खाली-वर भिंत, डावीकडे खूण. माघार (१,२) वर, तिथंही काही नाही. (१,१) वर आल्यावर ‘खाली’ शिल्लक असते: (२,१), (३,१), (३,२), (३,३). एकूण ७ घरं.

माघार घेताना (१,३) वाटेच्या यादीतून गेलं, पण त्याची खूण? एकच वाट हवी असेल तर ती राहू द्या. तिथून शोध फसलेला आहे, पुन्हा जाऊन काहीच मिळणार नाही, आणि प्रत्येक घरातून पुढचा शोध फार तर एकदाच होतो. सगळ्या वाटा मोजायच्या असतील तरच खूण पुसा, कारण तेच घर दुसऱ्या वाटेत लागू शकतं. मात्र किंमत भारी आहे: पूर्ण मोकळ्या ५ × ५ चौकटीत कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ८,५१२ वाटा, ६ × ६ मध्ये १२,६२,८१६, तर ७ × ७ मध्ये ५७,५७,८०,५६४. सवयीनं खूण पुसणारा कोड छोट्या उदाहरणावर चालतो आणि मोठ्यावर तासन्‌तास फिरत बसतो.

वाटा साठवताना यादीची प्रत ठेवा. मूळ यादीच ठेवलीत तर माघारीत ती रिकामी होते आणि हाती रिकाम्या याद्या उरतात. पायथनची रिकर्शनची (फंक्शननं स्वतःलाच बोलवण्याची) मर्यादा सहसा १००० असते, म्हणून लांब वाटांसाठी स्वतःचा स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी काढणारी यादी) वापरा. आणि सर्वांत छोटी वाट हवी असेल तर बॅकट्रॅकिंग सोडून रांग वापरून जवळची घरं आधी पाहणारा ब्रेड्थ-फर्स्ट सर्च घ्या. बॅकट्रॅकिंगला पहिली सापडलेली वाट दिशांच्या क्रमावर ठरते, लांबीवर नाही.